जून उत्तरेला

चौकातल्या त्या घड्याळाला काटा नव्हता. काटा व्हायचं ते आपण. जमिनीत दगडांची एक पट्टी बसवलेली होती आणि तिच्यावर बारा महिने कोरलेले होते. चालू महिन्याच्या दगडावर सूर्याकडे पाठ करून उभं राहायचं, दोन्ही हात जोडून डोक्यावर उंच धरायचे, की आपली सावली समोर जमिनीवर कमानीसारख्या मांडलेल्या तासांच्या दगडांकडे बोट दाखवायची. चारावर गेली तर चार वाजले. किल्ली द्यायला नको, वीज नको. ढग आले तर तेवढी सुट्टी.

हे घड्याळ चाळीस वर्षांपूर्वी दगडबाईच्या बाबांनी बसवलं होतं. दगडबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. चौकापलीकडच्या शाळेतल्या मुलांनी ते ठेवलं, आणि ते असं चिकटलं की तिचा सख्खा धाकटा भाऊसुद्धा चिडवायचं असलं की त्याच नावाने हाक मारी. तिचा धंदा अक्षरं कोरायचा. दुकानाच्या उंबऱ्यावरची पाटी असो, शाळेच्या पायाचा दगड असो नाहीतर कुणाच्या आठवणीसाठी बागेत ठेवलेलं बाकडं असो, त्या गावातलं निम्मं दगडी वाचन बापलेकीच्या हातचं होतं. गर्दीत उभं राहून लोक एखादी पाटी वाचू लागले की ती पाटीकडे बघत नसे, वाचणाऱ्याच्या मानेकडे बघे. मान तिरकी झाली नाही म्हणजे अक्षरं सरळ बसली.

चाळीस वर्षांत हजारो पायांनी महिने झिजवले होते. मार्चचा नुसता रफार उरला होता, आणि नोव्हेंबर वाचायला माहितीच असावी लागे. म्हणून गेल्या हिवाळ्यात नगरपालिकेच्या कलाविभागाने पट्टीचं काम तिला दिलं. बाबांचे गुडघे आता धरत नव्हते, आणि उजव्या डोळ्यापुढे कायमचं धुकं होतं, डाव्याला लांबचं दिसत नव्हतं. तेव्हा हे तिचं एकटीचं काम. अख्खा हिवाळा शेडमध्ये शेगडी पेटवून तिने सात नवे दगड घडवले. एका टोकाला डिसेंबर एकटा, दुसऱ्या टोकाला जून एकटा, आणि मधल्या पाच दगडांवर दोन दोन महिने जोडीने: एप्रिलच्या शेजारी ऑगस्ट, फेब्रुवारीच्या शेजारी ऑक्टोबर, असे. मार्चच्या एकवीस तारखेला तिने ते बसवले. येत्या शनिवारी दुपारी चार वाजता कलाविभागाचे साहेब तिथूनच 'शहरात पाहण्यासारखं' या फेरीचं उद्घाटन करणार होते. एकवीस ठिकाणं, त्यात पहिला नंबर या घड्याळाचा. ज्या हातांनी ते मुळात घडवलं त्या बाबांनी एप्रिलच्या दगडावर उभं राहायचं आणि मनगटाकडे न बघता सगळ्यांना वेळ सांगायची, असं छापील पत्रिकेतच होतं. बाबांनी ती पत्रिका आरशाच्या फटीत खोचून ठेवली होती, आणि कोट आठवडाभर आधीच बाहेर काढून दाराला टांगला होता.

आज बुधवार होता. दगडबाई चौकात तासांच्या दगडांच्या फटी कुंच्याने साफ करत बसली होती, तोच शाळेचे गुरुजी वीसेक मुलं घेऊन आले. सगळ्यांच्या हातात वह्या. गुरुजींनी मुलांना त्या एकवीस ठिकाणांची यादी दिली होती आणि रोज चार-पाच ठिकाणं दाखवत फिरवत होते.

"काय काय पाहून झालं?" तिने विचारलं.

सगळी एकदम बोलू लागली. वाचनालयासमोरचा झोपलेला सिंह पाहिला, पण तो झोपलेला नाही, मेलाय असं एकाचं मत पडलं. पुलाखालच्या भिंतीवरची तीस पोहणारी माणसं मोजली, पण एकतीस भरली. बंदरावरचा लोखंडी मासा पाहिला आणि त्याच्या तोंडात डोकं घालून एक जण अडकला, त्याला काढायला अर्धा तास गेला, म्हणून इथे यायला उशीर.

"अडकलो नव्हतो," तो म्हणाला. "आत काय लिहिलंय ते वाचत होतो."

"आत काहीच लिहिलेलं नाही!"

"म्हणून तर वेळ लागला."

गुरुजी हसून म्हणाले, "बाई, ही मंडळी मधल्या सुट्टीत येतात तेव्हा दरवेळी बारा वाजलेले असतात. आज म्हटलं, दुपारची वेळ दाखवू."

"दाखवा की," ती म्हणाली आणि कुंचा बाजूला ठेवून कौतुकाने बघत बसली.

मुलांनी एका मुलीला पुढे ढकललं. जाड चष्म्याची, दोन वेण्यांपैकी एक सुटलेली. ती एप्रिलच्या दगडावर पाय जुळवून उभी राहिली, हात वर केले. सावली लांब, सडपातळ, थेट उजवीकडे गेली. चाराच्या दगडापलीकडे, पाचाच्याही पलीकडे, पाच अन् सहाच्या मधोमध जाऊन थांबली.

"साडेपाच!" मुलं ओरडली.

टपाल कार्यालयाच्या मनोऱ्यावरच्या घड्याळात चार वाजून पाच मिनिटं झाली होती.

"शाळा सुटली!" माशाच्या तोंडातला मुलगा म्हणाला. "साडेपाच वाजले म्हणजे शाळा केव्हाच सुटली. चला घरी."

"घड्याळात आणि सूर्यात थोडाफार फरक असतोच," गुरुजी म्हणाले. "त्या पाटीवर लिहिलंय बघा, दहा-पंधरा मिनिटं." पण दहा-पंधरा मिनिटं म्हणजे दीड तास नव्हे, हे त्यांनाही कळत होतं. ते जरा खाकरले आणि दगडबाईकडे बघू लागले.

दगडबाई उठली. तिने पोरीला हलक्या हाताने बाजूला केलं, स्वतः एप्रिलवर उभी राहिली, हात वर केले. मोठ्या माणसाची सावली, तीही साडेपाचावर. महिनाभर ती इथून ये-जा करत होती, पण दुपारच्या डब्याच्या वेळी. बारा वाजता सावली बाराच्या दगडावर अशी नेमकी पडायची, दोराने आखल्यासारखी. त्या सावलीकडे बघून ती रोज समाधानाने डबा उघडायची.

"मी तासांचे दगड हलवलेच नाहीत," ती पुटपुटली. "ते बाबांचेच आहेत."

मुलांचं तोवर भलतंच सुरू झालं होतं. कुणी जूनवर उभं राहून बघत होतं, कुणी डिसेंबरवर, प्रत्येक जण आपापल्या वाढदिवसाच्या महिन्यावर. आरडाओरडा चालला होता. तेवढ्यात ती चष्मेवाली शांतपणे म्हणाली, "मावशी, माझा वाढदिवस ऑक्टोबरमध्ये असतो. ऑक्टोबरवर उभं राहिलं की बरोबर चार वाजतात."

दगडबाईने वळून पाहिलं. पोरगी ऑक्टोबरच्या दगडावर उभी होती आणि तिच्या जोडलेल्या हातांची सावली चाराच्या मधोमध टेकली होती.

"घड्याळाला वाटतंय की ऑक्टोबर चालू आहे," चष्मेवाली म्हणाली. "ते उलटीकडून मोजतंय का?"

गुरुजींनी 'अगं' म्हणून तिला थांबवायला हात केला. पण दगडबाई ऐकत नव्हती. तिच्या डोळ्यांसमोर पट्टी शेडमध्ये मांडल्यासारखी स्वच्छ दिसत होती, आणि आपण काय करून बसलो ते तिला एका क्षणात कळलं होतं.

झालं होतं ते असं. बाबांनी घड्याळ बसवलं तेव्हा लोक चौकात दक्षिणेकडून, मंडईच्या रस्त्याने येत. येणाऱ्याला महिन्यांची नावं सरळ वाचता येत. मधल्या काळात बसथांबा हलला आणि उत्तरेला आला. आता निम्मं गाव उत्तरेकडून चौकात उतरे, आणि त्यांना सगळे महिने डोक्यावर उभे दिसत. नवे दगड बसवायच्या दिवशी सकाळी ती बसमधून उतरली, जुन्या पट्टीकडे पाहिलं, आणि तिच्यातल्या अक्षरं कोरणारीला ते बघवलं नाही. माणसं माना वाकड्या करकरून वाचणार, आणि तेही आपण इतक्या मायेने कोरलेलं! दगडांच्या कडा एकमेकींना जुळवून घासलेल्या, त्यामुळे एकेक दगड जागच्या जागी फिरवता येईना; तिने अख्खी पट्टीच फिरवली. उत्तरेचं टोक दक्षिणेला, दक्षिणेचं उत्तरेला. बसने येणाऱ्यांना अक्षरं सरळ झाली.

पण पट्टी फिरली तसा जूनही फिरला. उन्हाळ्यात सूर्य उंच चढतो, म्हणून माणसाने पट्टीच्या उत्तरेच्या टोकाकडे सरकून उभं राहायचं, हिवाळ्यात दक्षिणेकडे. तिने माणसांना नेमकं उलट्या बाजूला उभं केलं होतं.

आणि तपासलं नव्हतं असंही नाही. एकवीस मार्चला तिने सकाळी आठला पाहिलं, बाराला पाहिलं, संध्याकाळी पाचला पाहिलं. तिन्ही वेळा चोख. असणारच! दिवस आणि रात्र सारखे असतात त्या दिवशी माणूस पट्टीच्या बरोबर मधल्या दगडावर उभा राहतो, आणि मधला दगड पट्टी कशीही फिरवली तरी मध्येच राहतो. बारा वाजता तर कुठेही उभे राहा, सावली बारावरच जाते. वर्षात जे दोन दिवस या चुकीला पोटात घालतात त्यातला एक तिने तपासायला निवडला होता, आणि पुढे रोज जी एक वेळ चूक दाखवत नाही त्याच वेळी ती येत राहिली होती.

"गुरुजी," ती म्हणाली, "आज यांना बाकीची ठिकाणं दाखवा. शुक्रवारी परत आणा, याच वेळी."

"काही बिघडलंय का, बाई?"

"बिघडवलंय. मीच."

चष्मेवालीने वहीत काहीतरी लिहून घेतलं. दगडबाईला वाटलं, ही आता आपल्या नावापुढे लाल फुली मारते की काय.

धाकटा मालमोटार घेऊन मंडईपाशी उभा होता. तिने त्याला फोन करून बोलावलं आणि सगळं सांगितलं. धाकट्याने आधी पट्टीकडे पाहिलं, मग सूर्याकडे, मग बहिणीकडे, आणि तो हसायलाच लागला.

"हसू नकोस, मेल्या. शनिवारी बाबा इथे उभे राहणार आहेत. अख्ख्या गावासमोर चार वाजता साडेपाच सांगतील. चाळीस वर्षं ज्या घड्याळाने त्यांचं नाव राखलं ते मी चार आठवड्यांत मातीत घातलं."

"बरं, नाही हसत. पण ताई, सिमेंटात बसवलेत ना हे? मग आता फोडावे लागतील. हिवाळाभराचं काम."

ती उत्तर देणार, तेवढ्यात तिला आठवलं, आणि तिने तिथेच फतकल मारली. फटीत बोट घातलं. बोटाला वाळू लागली.

सिमेंट नव्हतं! कलाविभागाच्या कागदावर सिमेंट लिहिलं होतं, पण बाबांनी घर डोक्यावर घेतलं होतं. तासांचे दगड राहू देत सिमेंटात, पण महिने वाळूवरच. तिने विचारलं होतं, का म्हणून? तर म्हणे, मी सांगतो म्हणून. पंधरा दिवस बापलेकीचं त्यावरून वाजलं. शेवटी साहेबांनाच कंटाळा आला, आणि त्यांनी कागदावर वाळू लिहून दिलं. पट्टी बसवताना ती अर्धा दिवस तोंड फुगवून होती. आता त्याच वाळूकडे बघून तिला रडू फुटायच्या बेतात होतं.

"उद्या सकाळी सहाला ये," ती म्हणाली. "पहार, दगड उचलायचे पट्टे आणि दोन पोती बारीक वाळू घेऊन. दुपारच्या आत फिरवू."

"येतो. आणि हे बघ, बाबांना काही बोलायचं नाही." धाकट्याने ओठांवर बोट ठेवलं. "गुपचूप फिरवून टाकू. त्यांना कळायचं काय कारण? तो डोळा हा असा."

"नाही बोलणार," ती म्हणाली.

घरी पोचेपर्यंत तिचा निश्चय पक्का होता. बाबा मागच्या अंगणात, जुन्या पट्टीचे दगड रचून ठेवले होते तिथे, जूनच्या दगडावर बसले होते. जुने सातही दगड त्यांनी घरी आणवले होते. तिने ते उलटून पाहिले तेव्हा एक गोष्ट तिला खटकली होती: चाळीस वर्षं वाळूत असलेल्या दगडांच्या पोटाला सिमेंटचे जुने टवके चिकटलेले होते, आणि कडांवर छिन्नीच्या खुणा होत्या. तिने तेव्हा विचारलंही होतं. बाबा म्हणाले होते, "असेल काहीतरी."

तिने चहा आणून दिला. बाबांनी कप दोन्ही हातांनी धरला, फुंकर मारली.

"आज ऊन चांगलं होतं," ते म्हणाले. "चारला सावली कुठे येत होती?"

तोंडाशी आलं होतं, चारावर. एवढा एक शब्द. पण हा माणूस तिला पहिलं अक्षर कोरायला शिकवताना महिनाभर नुसती एक उभी रेघ काढायला लावणारा. रेघ वाकडी आली की रागवायचा नाही. नुसतं म्हणायचा, 'बघ बरं, तुला कशी दिसते?' आणि मग गप्प बसायचा, ती स्वतः म्हणेपर्यंत.

"साडेपाचावर," ती म्हणाली.

बाबांनी कप खाली ठेवला. ती नखाने दगडाची कड खरवडत राहिली.

"ऑक्टोबरवर उभं राहिलं की बरोबर येत होती का?" त्यांनी विचारलं.

तिने झटकन वर पाहिलं. "तुम्हाला कसं कळलं?"

"अक्षरं उलटी दिसली म्हणून फिरवलीस ना?"

"बाबा..."

"आणि तपासलंस ते एकवीस मार्चला."

"बाबा, तुम्हाला कुणी सांगितलं? धाकट्याने केला ना फोन?"

बाबांचे खांदे हलू लागले. तिला आधी वाटलं, ठसका लागला. पाणी आणायला ती उठली, तर त्यांनी तिचा हात धरून खाली बसवलं. ते हसत होते. डोळ्यांतून पाणी, छातीतून शिट्टी, आणि एका हाताने ते आपण बसलेल्या जूनवर थापा मारत होते.

"अगं, मला कोण सांगणार! मी तेच केलं होतं. अगदी तेच. तेव्हा या चौकाच्या उत्तरेला भलंमोठं नाट्यगृह होतं. खेळ सुटला की माणसांचा लोंढा तिकडून यायचा. मी म्हटलं, एवढी माणसं माझी अक्षरं उलटी बघणार? छे! फिरवली पट्टी. एकवीस मार्चलाच बसवली. आणि तू निदान वाळूत बसवलीस. मी सिमेंटात!"

ती तोंड उघडं टाकून बघत राहिली. मग तिची नजर त्यांच्या मांडीखालच्या दगडाकडे, त्याच्या पोटाला चिकटलेल्या टवक्यांकडे गेली.

"मे महिना उजाडला," बाबा सांगू लागले, "आणि वर्तमानपत्रं विकणाऱ्या एका बाईने मला रस्त्यात गाठलं. म्हणाली, 'मिस्त्री, तुमचं घड्याळ दुपारी पुढे पळतं आणि सकाळी मागे राहतं. माझ्या नवऱ्यासारखं आहे, दुपारी बाराला तेवढं जागेवर सापडतं.' मग काय! चौकाभोवती पत्रे लावले, वर पाटी: 'नळाचं काम चालू आहे'. चार दिवस छिन्नीने एकेक दगड सोडवला. तुझी आई डबा घेऊन यायची आणि पत्र्याच्या फटीतून विचारायची, 'नळ सापडला का?'"

"आईला माहीत होतं?"

"आईला आणि त्या पेपरवालीला. तिसरी तू."

"आणि मला इतकी वर्षं एका शब्दाने बोलला नाहीत! वाळूचं विचारलं तर, मी सांगतो म्हणून. खरं कारण सांगितलं असतंत तर मी पट्टी फिरवली तरी असती का?"

बाबांचं हसू ओसरलं. त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसला, जरी तो पुसून त्या डोळ्याला काही फरक पडणार नव्हता.

"सांगायला हवं होतं," ते म्हणाले. "पुष्कळदा ओठांवर आलं. पण तू लहान असताना मला विचारायचीस, 'बाबा, तुमची रेघ कधी चुकत नाही का?' आणि मी म्हणायचो, 'नाही.' एकदा तसं म्हटलं, मग ते सोडवेना. तुझ्याइतक्या भरवशाने माझ्याकडे कुणी बघितलं नाही, पोरी."

तिच्या छातीवर दुपारपासून कुणीतरी सातही दगड रचून ठेवले होते. ते एकेक करून उतरल्यासारखं तिला झालं. तिने तो गार झालेला चहा उचलला आणि स्वतःच पिऊन टाकला.

"माझा होता तो," बाबा म्हणाले.

"असू दे. दंड समजा."

गुरुवारी सकाळी सहाला धाकटा आला तेव्हा मालमोटारीत पुढच्या जागेवर बाबा बसलेले बघून तो गडबडला.

"मी काही बोललो नाही हं," तो ताईच्या कानात कुजबुजला.

"मीच बोलले. चल, पहार काढ."

बाबांना त्यांनी बाकड्यावर बसवलं, गुडघ्यांवर घोंगडी टाकली. वाळूतला दगड निघतो कसा, हे ज्याने सिमेंटातला दगड काढलाय त्यानेच बघावं. पहारेचं टोक फटीत घातलं, जरासं दाबलं, पट्टा सरकवला, आणि जून लोण्यातल्या सुरीसारखा वर आला. बाबा म्हणाले, "हं." दुसरा दगड निघाला तेव्हाही म्हणाले, "हं." तिसऱ्याला ते मनापासून म्हणाले, "काय सुख आहे!"

सातही दगड फळ्यांवर उताणे मांडले, वाळू लाकडी फळीने ओढून सपाट केली, पाणसळीतला बुडबुडा मध्ये आला. जून परत ठेवायच्या आधी दगडबाईने हात वर करून भावाला थांबवलं. तिने पिशवीतून छिन्नी आणि हातोडी काढली आणि उताण्या जूनच्या पोटावर, जिथे एरवी कुणी बघणार नाही अशा जागी, कोरू लागली. बराच वेळ टकटक चालली होती. बाबांनी मान पुढे काढली.

"काय लिहितेस? मला दिसत नाही. वाच."

तिने फुंकर मारून धूळ उडवली आणि वाचलं: "'अक्षरं कुणालाही उलटी दिसोत, जून उत्तरेलाच. आम्ही दोघे चुकलो.'"

धाकटा म्हणाला, "आणि मी? शेडमधून मीच आणले, आता मीच उचललेत हे दगड. माझं नाव नको?"

"तू चुकला नाहीस."

"तेवढ्यासाठी आता चुकायला लागणार का?"

"पुढच्या वेळी हे कोण उचलेल कुणास ठाऊक," बाबा म्हणाले. "पण त्याला निदान चार दिवस नळ शोधायला लागणार नाही."

दुपारी चार वाजता दगडबाई एप्रिलवर उभी राहिली. सावली चारावर गेली. ती तशीच हात वर करून उभी राहिली, सव्वाचार होईपर्यंत. सावली मुंगीच्या पावलाने चारापुढे सरकली, जशी सरकायला हवी तशीच. तिने हात खाली घेतले तेव्हा खांदे भरून आले होते आणि तिला सपाटून भूक लागली होती. सकाळपासून तिने काही खाल्लंच नव्हतं.

शुक्रवारी गुरुजी मुलांना घेऊन आले. चष्मेवालीने वही उघडून जुनं पान काढलं. फुली वगैरे काही नव्हती. पट्टीचं नेटकं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं, 'नंबर एक. ऑक्टोबर समजून चालतं. दुरुस्ती होणार.' तिने एप्रिलवर उभं राहून पाहिलं, चार वाजले, आणि 'दुरुस्ती होणार'मधला 'होणार' खोडून 'झाली' केलं.

शनिवारी चौक भरला. साहेबांचं भाषण लांबलं, तरी चाराला पाच मिनिटं असताना ते थांबले, कारण सूर्य काही त्यांच्यासाठी थांबणार नव्हता. बाबा कोट घालून, लेकीच्या खांद्यावर एक हात ठेवून पट्टीपाशी आले. बहुतेक माणसं बसथांब्याकडून आली होती आणि उत्तरेला उभी होती. साहेब खाली वाकून बघत दगडबाईला हळूच म्हणाले, "मॅडम, अक्षरं तर इकडून उलटी दिसतात. आधी सरळ होती ना?"

दगडबाईने तोंड उघडलं, पण बाबांनी तिच्या खांद्यावरचा हात जरा दाबला.

"साहेब, सरळच आहेत," ते म्हणाले. "तुम्ही जरा या बाजूला या. सगळेच या. इकडून सावलीही छान दिसते."

मग सगळी गर्दी, साहेबांसकट, घड्याळाला वळसा घालून दक्षिणेकडे गेली. मुलं पुढे, मोठी मागे, एकमेकांचे पाय तुडवत. दगडबाईने सवयीने त्यांच्या मानांकडे पाहिलं. एकही वाकडी नव्हती.

बाबा एप्रिलवर उभे राहिले. हात जोडून वर केले. ते थरथरत होते, त्यामुळे सावलीचं टोकही जरा थरथरत होतं, पण ते चाराच्या दगडावरच थरथरत होतं. एवढ्या लांबचं टोक त्यांना दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी लेकीकडे चेहरा वळवला.

"बघ बरं," ते म्हणाले, "तुला कशी दिसते?"

"चारावर आहे, बाबा," ती म्हणाली. "अगदी मधोमध."

"चार वाजले!" बाबांनी मोठ्याने सांगितलं, आणि मनोऱ्यावरच्या घड्याळाने, थोडं उशिरानेच, पहिला टोला दिला.